काडीमोड

शेवंताक्का हावळचा आपल्या सुनेवर विश्वास नव्हता. तो बसला एका कांडीवर.

सुनेने, वृषालीने, एवढंच केलं. चालत्या मागाच्या पायाशी, फरशीवर, सूत गुंडाळायची एक लाकडी कांडी उभी केली. आडवी नव्हे, बुडावर उभी. वर मागाची फणी ठोके घालत होती, धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटत होता आणि बोटाएवढी जाड ती कांडी समईसारखी स्थिर होती. इचलकरंजीच्या विणकर पेठेत जन्म काढलेल्या बाईला यातलं नवल कळायला शाळा लागत नाही. या पेठेत फळीवरची भांडी अष्टौप्रहर एकमेकांशी कुजबुजतात, भिंतीतला खिळा पुन्हा पुन्हा ठोकावा लागतो आणि वाटीतल्या आमटीवर जेवण संपेपर्यंत बारीक वर्तुळं उठत राहतात.

"चिकटवलीस व्हय गं खाली?" अक्काने विचारलं.

वृषालीने कांडी उचलून तिच्या हातात दिली. "तुम्ही ठेवा, आत्या." ती सासूला आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा, पेठेतल्या रीतीप्रमाणे.

अक्काने ठेवली. तशीच उभी राहिली. अक्काने तोंड वाकडं केलं. बरी गोष्ट दिसली की ती तोंड वाकडं करायची, म्हणजे कुणी शेफारत नाही.

मागाच्या चार पायांखाली चार काळे डबे होते. वृषाली पुण्याच्या कारखान्यात असलेच डबे बनवून, तपासून आली होती. आत काय आहे ते तिने स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं, कारण दुसऱ्या भाषेत अक्का ऐकून घेत नसे.

कणकेत तीळ मळावेत तसा रबरात लोखंडाचा भुगा मळलेला. भोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. तारेतून वीज सोडली की तिचा लोहचुंबक होतो, भुग्याचे कण एकमेकांचे हात धरतात आणि रबर कडक होतं. वीज काढली की हात सुटतात आणि रबर मऊ. म्हणजे ही अशी स्प्रिंग, की जिचा कडकपणा पाहिजे तेव्हा वाढवावा, पाहिजे तेव्हा उतरवावा.

"आणि त्यो कशाला चढवायचा-उतरवायचा?"

"पाळण्याला स्वतःची लय असते ना, आत्या? त्या लयीत नुसतं बोट लावत राहिलं तरी पाळणा आढ्याला जातो. लय सोडून कितीही भराभर ढकला, तो जागच्या जागी कुरकुरतो. मागाखाली स्प्रिंग घातली की मागाचा झाला पाळणा. मऊ स्प्रिंग म्हणजे सावकाश लय. माग भरात आला की त्याचे ठोके त्या लयीच्या कितीतरी पुढे असतात. दोघांची गाठ पडत नाही आणि जमिनीला धक्का पोचत नाही."

"मग कायमचंच मऊ ठेव की."

"चालू करताना घात होतो. ठोके हळूहळू वाढत जातात, आणि वाटेत एकदा नेमके त्याच लयीत येतात. तेवढ्या क्षणात माग बेफाम झुलतो. म्हणून सुरुवातीला स्प्रिंग कडक ठेवायची, ठोके पुढे गेले की मऊ करायची. बंद करताना उलटं."

"म्हंजे सुरुवातीला कडक, मग मऊ," अक्का म्हणाली. "यात काय शिकायचं? घरात सून आली की सासू त्येच करती."

वृषाली हसली. "मग तुम्ही अजून सुरुवातीलाच आहात का? लग्नाला सहा वर्षं झाली."

जॉबर इलाही, जो हावळांचे माग दुरुस्त करत म्हातारा झाला होता, तो तोंडाला रुमाल लावून पाठमोरा झाला. अक्काने ते लक्षात ठेवलं.

*

स्प्रिंगा घरात आल्या त्या मात्र अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे अक्काचा नवरा. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पेठेत सगळ्यांचंच घर म्हणजे खाली कारखाना, वर संसार. माग एवढे हादरे देतात की ते मातीवरच पाहिजेत, माडीवर ठेवणं पालिकेने कधीच बंद केलं होतं. त्यामुळे अण्णा माडीवर अडकले. त्यांना खाली आणायचं तर चार माणसांनी खुर्चीसकट उचलायचं, आणि अक्काला ते चार माणसांनी उचलणं बघवत नव्हतं.

वृषाली म्हणाली होती, घर उलटं करू. माग वर नेऊ, मामांना खाली आणू.

तसं केलं. पालिकेचे लोक आले, त्यांनी माडीच्या फरशीवर आपली यंत्रं ठेवली, कांडी उभी करून बघितली आणि परवानगी दिली. अण्णांची खाट खालच्या मोठ्या खोलीत मध्यावर मांडली. तिथून त्यांना फाटक दिसायचं, गल्ली दिसायची, येणारा-जाणारा दिसायचा. डोक्यावर सोळा माग चालत, पण आवाज शेजारच्या गल्लीतून आल्यासारखा वाटे. पहिल्या दिवशी अण्णांनी डावा हात भिंतीला लावला, बराच वेळ तसाच ठेवला आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. भिंत हलत नव्हती.

खाटेच्या वर अक्काने पीओपीचं छत करून घेतलं, फुलाफुलांचं. आजारी माणसाने दिवसभर वर बघायचं, तर चांगलं काहीतरी बघावं.

बघता बघता सगळी पेठ उलटी झाली. खारग्यांनी माग वर नेले, दिवट्यांनी नेले. खाली लेकरं रांगायला लागली, बायका दारात बसून शेंगा सोलायला लागल्या. खारगेवैनींनी तर नातू झाल्यावर पाळणा थेट मागाखालच्या छताच्या कडीला टांगला. बारशाला सगळ्या बाया वृषालीची तारीफ करत होत्या आणि अक्का त्यांना म्हणत होती, "शिकवून घेतलीया मी तिला."

*

एक अडचण होती. लाईट.

उन्हाळ्यात गावच्या लाईटचा भरवसा उरला नव्हता. घरोघर एसी, दारोदार विजेच्या गाड्या. दुपारी लाईट जायची, यायची, पुन्हा जायची. लाईट गेली की डब्यांतल्या छोट्या बॅटऱ्या स्प्रिंगा कडक करून मागांना नीट थांबवायच्या आणि संपायच्या. मग स्प्रिंगा मऊ पडायच्या. लाईट परत आली की सगळ्या डब्यांचा मिळून जो एक मेंदू होता, तो जागा व्हायला, प्रत्येक मागाची विचारपूस करायला आणि स्प्रिंगा कडक करायला थोडा वेळ लागायचा. तोवर माग चालू होऊ नयेत म्हणून वृषालीने स्टार्टरला कुलूप केलं होतं. खरं कुलूप नव्हे. मेंदू जागा नसेल तर स्टार्टरचं बटण आत राहायचंच नाही, खटकन बाहेर यायचं.

थोडाच वेळ. चहा गाळून होईपर्यंत.

पण विणकर पेठेत पहिला ठोका हावळांचा, हे अक्काच्या सासऱ्यांच्या काळापासून ठरलेलं. लाईट आली की सगळ्यात आधी हावळांचे माग बोलायचे, मग पेठ. अक्का या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिच्या सासूने हीच गोष्ट तिला अभिमानाने सांगितली होती. आणि आता लाईट आली की खारगे, दिवटे, सगळे धडधडायला लागायचे आणि हावळांची माडी गप्प.

"अक्का," खारगेवैनी कुंपणावरून म्हणाल्या, "माग झोपल्याती व्हय तुमचं? का सून उठवून देत न्हाई?"

अक्का घरात आली आणि तिने इलाहीला बोलावलं. "त्यांच्या स्प्रिंगा बी आपल्यागतच हायत न्हवं? मग त्यांचं आधी कसं?"

इलाहीने मान खाजवली. "काडी लावल्याती."

काडी ही पेठेची जुनी खोड. पूर्वीपासून लाईट गेली की स्टार्टरच्या बटणात खराट्याची काडी दुमडून खोचायची आणि मागाचा दांडा ओढलेलाच ठेवायचा. म्हणजे लाईट आली की माग आपोआप सुरू, कामगार चहाला गेला असला तरी. काडी खोचली की वृषालीचं कुलूपही आंधळं व्हायचं. बटण बाहेर येणारच कसं?

"लाव," अक्का म्हणाली.

"वृषालीवैनी नको म्हणत्यात, अक्का. म्हणत्यात, मऊ असताना चालू झालं तर—"

"ह्यो कारखाना कुणाचा?"

इलाहीने खराटा उचलला.

*

दुसऱ्या दिवसापासून पहिला ठोका पुन्हा हावळांचा झाला. लाईट यायची, सोळा माग एकाच क्षणी उठायचे, मऊ स्प्रिंगांवर तीन-चार हेलकावे खायचे, मग मेंदू जागा होऊन त्यांना सावरायचा आणि पुन्हा सगळं शांत. दिवसभर कांडी उभी करून बघा, पडायची नाही. घर हलत नाही म्हणजे घर धड आहे, असं अक्काला वाटे. सगळ्या पेठेलाच वाटे.

वृषालीच्या लक्षात आलं ते अण्णांच्या पांघरुणामुळे. त्यावर पांढरी भुकटी पडायची. रोज नाही, लाईट आली की. तिने बोटाने ती पुसली, वर बघितलं, मग माडीवर गेली.

ती खाली आली तेव्हा तिच्या मुठीत सोळा काड्या होत्या. ओसरीवर कामगार जेवायला बसले होते. इलाही होता. तिचा नवरा रमाकांतही होता, सुताच्या बाजारातून नुकताच आलेला.

"आत्या, ह्या कुणी लावल्या?"

"मी."

"सोळा माग एकदम, एका तालात, मऊ स्प्रिंगवर. प्रत्येक वेळी तो हेलकावा स्लॅबवर घण घातल्यासारखा बसतो. मामा खाली झोपलेत. मला ते पीओपी काढून स्लॅब बघायचाय."

"त्येला किती दिस लागल्यात माहीत हाय? फुलं करायला?"

"मग मामांची खाट तरी पडवीत घेऊ. आजच."

"पडवीत? येणारं-जाणारं त्यांची लाळ बघंल. माझ्या नवऱ्याला चव्हाट्यावर मांडतीस?"

वृषालीने रमाकांतकडे बघितलं. रमाकांत ताटाकडे बघत होता. मग तिने सगळ्यांसमोर त्या काड्या मोडल्या. एकेक करून नव्हे, मूठभर एकदम.

आता ही गोष्ट सांगायला हवी. हावळांच्या समाजात पूर्वी नवरा-बायकोचं पटेनासं झालं की पंचांसमोर गवताची काडी मोडायचे. काडी मोडली, नातं तुटलं. कोर्ट नाही, कचेरी नाही. अक्काच्या सख्ख्या मावशीची अशी काडीमोड झालेली अक्काने लहानपणी डोळ्यांनी बघितली होती. मावशी नंतर माजघरातून कधी बाहेर आली नाही.

"इलाही, नव्या काड्या लाव," अक्का म्हणाली. मग सुनेकडे वळली. "आणि तू ऐक. पुन्यांदा त्या काडीला हात लावलास, तर या घरातली तुझी बी काडी मोडली म्हणून समज."

कामगारांचे घास हातातच राहिले. वृषालीने सासऱ्यांच्या खोलीत जाऊन त्यांचं पांघरूण झटकलं, खाट ओढत भिंतीशी, तुळईखाली नेली, त्यांच्या कपाळाला हात लावला. मग बॅग भरली आणि कोडोलीला आईकडे गेली.

संध्याकाळी अक्काने खाट पुन्हा मध्यावर आणली. भिंतीपासून अण्णांना फाटक दिसत नव्हतं.

*

ती दुपारची वेळ होती. लाईट जाऊन बराच वेळ झाला होता. कामगार गल्लीतल्या लिंबाखाली डबे सोडून बसले होते. अक्का मागच्या दारी चुलीवरची पेज वाटीत ओतत होती. अण्णांना गरम चालायची नाही, म्हणून फुंकर घालत होती.

लाईट आली.

वर सोळा माग एका दमात उठले. पेठेत अजून कुणाचाच आवाज नव्हता. अक्काच्या मनात आलं, पहिला ठोका आपला. तिच्या चेहऱ्यावर हसूही आलं असेल.

मग हेलकावा आला, पण रोजच्यासारखा तीन-चारांत थांबला नाही. आतून काहीतरी सुटल्याचा आवाज झाला, जाड कापड टरकन फाडावं तसा. अक्का वाटी घेऊन धावली. दारापर्यंत पोचली. तिला पीओपीची फुलं खाली येताना दिसली, आधी फुलं, आणि त्यांच्यामागे काळं लोखंड. अण्णांचा डावा हात वर उचललेला होता.

धूळ बसेपर्यंत वाटी तिच्या हातातच होती. पेज सांडली नव्हती.

*

सावडायच्या दिवशी पेठेतली मंडळी मांडवात जमली. सगळे कारखानदार, सगळे घर उलटं केलेले. दिवट्यांचा थोरला म्हणाला, "स्प्रिंगच खराब निघाल्या म्हणायच्या."

"तरी मी म्हणत हुतो," दुसरा म्हणाला, "बाईमाणसानं आणलेलं यंत्र."

"आपल्याकडच्या बऱ्या हायत. हावळांच्याच तेवढ्या..."

कुणीही काडीचं नाव काढलं नाही. काडी सगळ्यांच्याच घरात होती. कोडोलीहून आलेली वृषाली कोपऱ्यात बसली होती. तिने अक्काकडे बघितलं. एकच शब्द पुरला असता. अक्काच्या शब्दापुढे या पेठेत कुणी जात नसे. इलाही मान खाली घालून बसला होता, अक्काने तोंड उघडायची वाट बघत. रमाकांतही बघत होता, कदाचित आयुष्यात पहिल्यांदा.

अक्का पदर सारखा करत बसून राहिली.

मंडळी उठली. वृषालीही उठली, पडक्या खोलीत गेली. ढिगाऱ्यात एक स्टार्टर उलटा पडला होता, पत्र्याचं तोंड वासून. तिने त्याच्या बटणातून काडी ओढून काढली. शाबूत होती. एवढं छत पडलं, माणूस गेलं, आणि खराट्याची काडी शाबूत.

ती अक्कासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती, ओरडली नाही. तिने काडी मोडली आणि एक तुकडा अक्काच्या हातात ठेवला.

"ह्यांची-माझी नाही, आत्या," ती म्हणाली. "तुमची-माझी."

रमाकांतने आपली चप्पल शोधली आणि बायकोच्या मागोमाग कोडोलीला गेला. जाताना आईच्या पाया पडला, पण वर बघितलं नाही.

*

घर राहिलं ते पुढची पडवी आणि स्वयंपाकघर. अक्का तिथे बसायची. हावळांची माडी गेली होती, तरी पेठेचे माग चालू होते. तिने पायाचा तळवा जमिनीला लावून बघितला. काही कळत नव्हतं. एवढ्या घरांत एवढे माग, आणि जमीन मेल्यासारखी गप्प. पूर्वी भांडी वाजायची, भिंतीला चीर पडली की दिसायची, खिळा निघाला की कळायचं. आता घर काही सांगत नाही. पडतं तेव्हाच सांगतं.

एका दुपारी लाईट गेली. पेठ थंड झाली. आणि त्या शांततेत तिला शेजारून पाळण्याच्या कडीची कुरकुर ऐकू आली.

अक्का उठली. तिने बसायचा पाट घेतला, खारग्यांच्या घरात शिरली आणि पाळण्याशेजारी, बरोबर मागांच्या खाली पाट टाकून बसली. पोर झोपलं होतं.

"अक्का? काय झालं?" खारगेवैनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

"वरच्या काड्या काढायला सांग."

"आता व्हय? लाईट यील एवढ्यात."

"म्हणूनच सांगतीया."

वैनींचा मुलगा महेश जिन्यावरून वाकला. "अक्का, तुमच्या स्प्रिंगा खराब हुत्या. आमच्या चांगल्या हायत. पेठेत सगळ्यांनी बघितलंय."

"खराब न्हवत्या," अक्का म्हणाली. "स्प्रिंगा न्हवत्या खराब. सुनेनं सोळा काड्या मोडल्या, मी सोळा लावल्या. त्यानं मेला माझा नवरा."

वैनी जागच्या जागी थांबल्या. महेश एक पायरी खाली आला. "मग त्या दिवशी मांडवात का न्हाई बोललासा?"

अक्काने मूठ उघडली. मुठीत काडीचा तुकडा होता, घामाने मऊ झालेला.

"मला सोड," ती म्हणाली. "काड्या ठेवायच्या असतील तर ठेव. पण मी इथनं हालत न्हाई. लाईट आली आणि वर पहिला ठोका पडला, तर त्यो माझ्या डोक्यावर पडू दे. आणि पोराला इथंच झोपू दे, तुला एवढा भरवसा हाय तर."

वैनींनी पाळण्याकडे बघितलं, मग मुलाकडे. "म्हेश," त्या हळूच म्हणाल्या.

महेश शिव्या देत वर गेला. त्या शिव्या कुणाला होत्या ते अक्काने विचारलं नाही. वर पत्र्याचे आवाज होत राहिले, एकेक स्टार्टर, एकेक काडी. लाईट आली तेव्हा पलीकडे दिवट्यांचे माग एका दमात उठले, आणि खारग्यांची माडी गप्प राहिली. चहा गाळून होईपर्यंत गप्प राहिली. मग वर पहिला ठोका पडला, सावकाश. पाळणा हलला नाही.

अक्काने पाट काखेत मारला.

"बसा की, च्या टाकते," वैनी म्हणाल्या.

"दिवट्यांच्या खाली त्येंची म्हातारी झोपती," अक्का म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.

दिवट्यांनी तिला दारातूनच परत लावली. दुसऱ्या दिवशीही लावली. महेशने आठवड्याभरात काड्या पुन्हा खोचल्या, आणि पाट बघितला की तेवढ्यापुरत्या काढायला शिकला. पेठेत लोक म्हणायला लागले, अण्णा गेल्यापासून म्हातारीचं डोकं फिरलंय. अक्काने ते म्हणू दिलं. पण लाईट गेली की पेठेतले सगळे एकदा गल्लीकडे बघतात. पाट काखेत मारून ती कुणाच्या तरी फाटकाकडे चाललेली असते, आणि आज ती कुणाच्या छताखाली बसणार, हे तिथे पोचेपर्यंत ती कुणालाच सांगत नाही.

कोडोलीहून अजून कुणी आलेलं नाही.